दुरुस्तीपत्रक

"शॅल हाय का शूड?"

आण्णांनी विचारलं, आणि मी स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या आत भरतनं देऊन टाकलं.

"शॅल आहे, आण्णा."

"मग कराय पाहिजेच." आण्णांनी मान हलवली आणि पेन्सिल कानावर ठेवली. "फुडं वाच."

मी चहाचे दोन कप घेऊन दारातच थांबले. तो प्रश्न दहा वर्षं माझा होता.

आण्णा, म्हणजे माझे वडील, वायरिंगचे ठेकेदार. मराठी चौथी झालेले. तरुणपणी सूतगिरणीत वायरमन होते, मग परमिट काढलं, मग स्वतःचं लायसन. जयसिंगपुरातल्या निम्म्या घरांच्या भिंतींत कुठून कुठं वायर गेली आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. पण वायरिंगच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, आणि त्याचं एक अक्षरही त्यांना लागत नसे. कधीकाळी एका म्हाताऱ्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, "शेडबाळे, या पुस्तकात दोनच शब्द सांभाळा. 'शॅल' असेल तिथं केलंच पाहिजे. 'शूड' असेल तिथं केलं तर बरं." आण्णांनी तेवढंच धरून ठेवलं होतं.

मी आठवीत गेले तेव्हापासून पुस्तक वाचायचं काम माझ्याकडं आलं. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी आम्ही दोघं पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचो. मी एक वाक्य वाचायची, मराठीत सांगायची. आण्णा डोळे मिटायचे. त्यांना समोर भिंत दिसत असणार. मग म्हणायचे, "म्हंजे न्हाणीतलं बटण आत नको, दाराभाईर. ओल्या हातानं कुणी लावू ने." की मी ते पेन्सिलीनं समासात लिहायची. पुस्तकातलं वाक्य पाच ओळींचं, आणि आमचं एका ओळीचं. धाकटा भाऊ लहानपणीच वारलेला, आई कामात. त्या तासाभरात आण्णा फक्त माझे असायचे.

बारावीनंतर मी पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला होता. आण्णांनी तो हातात घेतला, उलटासुलटा बघितला. "शिडीवर चढणार हाईस? साइटवर चाळीस बापे असत्यात, विमल." मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. भांडले नाही. पुस्तक तरी माझ्याकडं आहे असं वाटत होतं.

आणि मग सत्त्याऐंशी साली एका ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. तीन मजले, अठ्ठेचाळीस खोल्या. एवढ्या कामाला डिप्लोमावाला सुपरवायझर लागतो. म्हणून भरत मगदूम आला. शिरोळकडचा, बावीस वर्षांचा, वडील नसलेला. तेलाच्या घाण्यामागच्या बोळात खोली घेऊन राहायचा.

त्याच्यात खोट काढायचा मी फार प्रयत्न केला. तो वेळेवर यायचा. चप्पल ओळीत काढायचा. आईला "काकू, भाकरी मऊ झालीय" म्हणायचा, मग आई त्याला आणखी एक वाढायची. महिन्याभरात पेन्सिल कानावर ठेवायला लागला, अगदी आण्णांसारखी. जन्मात कुणाचं कौतुक न केलेले आण्णा मला, मलाच, म्हणाले, "पोरगं डोक्याचं हाय गं."

मी "हो" म्हटलं आणि पातेलं घासायला घेतलं. त्या दिवशी पातेल्याची कल्हई निघाली असती.

माझी खुर्ची त्याची झाली. मी चहा द्यायची आणि आत जायची. आत मला सगळं ऐकू यायचं. तो वाचायचा, आण्णा डोळे मिटायचे. मी दाराआडून न बघताही ते सांगू शकले असते.

एका संध्याकाळी भरत म्हणाला, "आण्णा, या समासातल्या टिपा कुणाच्या? कॉलेजात आम्हाला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नाही."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"त्या व्हय?" आण्णा म्हणाले. "पोरीनं लिवल्यात, लहानपणी. पुसट झाल्यात आता. तू एक काम कर, नव्या वहीत नीट उतरून काढ. साइटवर न्यायला बरं."

चार दिवसांत वही तयार झाली. टेबलावर ठेवलेली असताना मी उघडली. माझीच वाक्यं, शब्द न् शब्द, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. 'ओल्या हातानं कुणी लावू नये.' वेष्टणावर नाव होतं: भरत बा. मगदूम. त्याच्या मनात काही नव्हतं. वही कुणाची ते कळावं म्हणून माणूस नाव घालतो. हे आज कळतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोस्टमननं रजिस्टर पाकीट आणलं. आण्णा आणि भरत साइटवर. मी पोचपावतीवर सही केली आणि पाकीट फोडलं. नियमांचं दुरुस्तीपत्रक होतं. वीज निरीक्षकांच्या ऑफिसातून अशी वर्षातून एक-दोन यायची. मी ती त्या त्या पानावर डिंकानं चिकटवायची. हे अगदी छोटं होतं. ओल्या जागेतल्या सर्किटला, म्हणजे न्हाणीघर, गिझर वगैरेंना, ईएलसीबी बसवण्याविषयी. ईएलसीबी म्हणजे वीज कुठं गळायला लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत आपोआप बंद पडणारा ब्रेकर. जुन्या नियमात तो बसवला तर बरं, असं होतं. पत्रकात म्हटलं होतं की अमुक कलमात 'शूड' या शब्दाच्या जागी 'शॅल' वाचावे.

मी डिंकाची बाटली काढली. टोपण घट्ट बसलं होतं. ते फिरवताना शेजारची वही दिसली.

मी बाटली ठेवून दिली. पत्रक घडी करून माझ्या कपाटात, बी.ए.च्या नोट्सखाली सारलं. खरंच सांगते, मनात काही ठरवलं नव्हतं. एवढंच वाटलं, वाचता येतं ना त्याला? मग शोधू दे. कधीतरी अडेल, मला विचारेल, तेव्हा काढून देईन. आण्णांच्या समोर.

तो अडला दोन महिन्यांनी.

मुंबईच्या एका देणगीदारानं वसतिगृहाला गिझर दिले होते, मजल्यागणिक चार. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन ठरलं होतं. भरतनं तो विषय काढला तेव्हा मी कणीक मळत होते.

"आण्णा, गिझरना ईएलसीबी लावावेत असं मला वाटतं."

"कुठं मिळतात?"

"मुंबईहून मागवावे लागतील. पाच-सहा आठवडे."

"म्हंजे अक्षय्य तृतीया गेली. ट्रस्टचे लोक आत्ताच डोकं खातायत." आण्णांनी कानावरची पेन्सिल काढली. "पुस्तक काय म्हणतंय?"

"शूड म्हणतंय. पण..."

"शूड हाय नव्हं? मग अर्थिंग चांगलं करू. ब्रेकर नंतर बसवू सुट्टीत." आणि मग, सहा महिन्यांत पहिल्यांदा, त्यांनी आत हाक मारली. "विमल! जरा भाईर ये गं. हे एवढं बघ."

मी हात धुतले. पुसले. बाहेर गेले तेव्हा भरत खुर्ची सोडून उभा राहिला होता. "बसा ना, ताई."

मी बसले. पुस्तक माझ्यापुढं सरकवलं गेलं. ते पान मला न शोधता सापडलं असतं.

"शूडच हाय न्हवं?" आण्णांनी विचारलं.

"पुस्तकात शूडच आहे," मी म्हणाले.

भरत माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "ताई, यात नंतर काही बदल आला असेल का? हे छापून बारा वर्षं झालीत."

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते आजही मला माहीत नाही. पण माझ्याआधी आण्णा बोलले.

"बदल आला तर विमलच चिकटवती. तिच्याकडनं चुकायचं न्हाई. तू काळजी करू नगंस."

असं ते माझ्याविषयी कधी बोलले नव्हते. ते ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! आणि ते ऐकल्यावर, कपाटाकडं जाऊन नोट्सखालून तो कागद काढून आणणं मला जमलं नाही. मी पुस्तक मिटलं. "कणीक वाळतेय," म्हणाले आणि आत गेले.

उद्घाटनाला आठ दिवस राहिले होते. दुपारी आईनं मला डबा घेऊन साइटवर पाठवलं. तात्पुरती वीज घेतली होती, रंगारी शेवटचा हात मारत होते. मी पहिल्या मजल्याच्या जिन्यात असताना वरून किंकाळी आली, आणि लोखंडी बादली गडगडल्याचा आवाज.

भरत वरच्या मजल्यावरून धावत खाली आला. मला वाटलं हा पळतोय. मला धक्का देऊनच तो खाली गेला. डब्याचं झाकण उडालं. तळमजल्यावरचा मेन स्विच खाडकन पडल्याचं ऐकू आलं, आणि मग तो तितक्याच वेगानं परत वर गेला. त्याच्यामागून मी.

फरशी पुसणारी तानूबाई न्हाणीच्या दारात पडली होती. पन्नाशीची बाई, साइटवर गेले की मला "आक्का" म्हणून हाक मारणारी. ओठ निळे. उजवा हात कोपरापासून वाकडा झालेला. बादलीत पाणी घ्यायला तिनं नळ धरला होता. नळवाल्याच्या माणसाकडून आदल्या दिवशी पाइप फिरवताना गिझरमागची अर्थिंगची वायर ओढली गेली होती, हे नंतर कळलं. गिझर आतून बिघडलेला होता, तेही.

भरत गुडघ्यावर बसून तिची छाती दाबत होता. तोंडानं मोजत होता. असल्या वेळी काय करायचं याचा तक्ता स्विचच्या खोलीत टांगावा लागतो. तो त्यानंच आठवड्यापूर्वी लावला होता. आण्णा भिंतीला टेकून उभे होते. रंगारी, गवंडी, सगळे दाराशी जमले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तानूबाई खोकली. भरत तिथंच फरशीवर बसला.

तानूबाई वाचली. पण त्या हाताची बोटं परत सरळ झाली नाहीत. पुढं तिला भाकरी थापता आली नाही.

अपघात झाला की चौकशी होते. तिसऱ्या दिवशी निरीक्षक आले. तगारे नावाचे, शांत आवाजाचे गृहस्थ. साइट बघून झाल्यावर आमच्या पुढच्या खोलीत बसले. भरत उभा होता. मी स्वयंपाकघराच्या दारात.

"शेडबाळे, ईएलसीबी का नाही बसवले?"

"शूड हाय, साहेब."

"होतं. बदललंय. दुरुस्तीपत्रक मिळालं नाही तुम्हाला?"

"न्हाई साहेब. आलं असतं तर..."

तगारेंनी फाइलमधून गुलाबी पोचपावती काढली आणि टेबलावर ठेवली.

आण्णांना त्यावरचा इंग्रजी पत्ता वाचता येत नव्हता. पण सही माझी होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. दहा वर्षं ते ती सही बघत होते. त्यांनी पावती उचलली. बराच वेळ बघितली. मग मान वर केली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"मिळालं होतं, साहेब," ते म्हणाले. "आत्ता ध्यानात आलं. माझ्याकडनंच कुठंतरी पडलं."

भरतनंही सही बघितली. त्यानं मात्र माझ्याकडं बघितलं. एकदाच.

"सुपरवायझर मी होतो, साहेब," तो म्हणाला. "कामाच्या दाखल्यावर सही माझी आहे. बदल आलाय का ते मी तुमच्या ऑफिसात येऊन विचारायला हवं होतं."

बोलायचं तर मला उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकायचं होतं. मी टाकलं नाही. आत दूध उतू गेलं, ते पुसत बसले.

भरतचं सर्टिफिकेट वर्षभरासाठी रद्द झालं. आण्णांचं लायसन सहा महिने. वसतिगृहाचं उरलेलं काम दुसऱ्याकडं गेलं.

साहेब गेले त्या संध्याकाळी मी पत्रक काढलं आणि आण्णांच्या पुढं ठेवलं. त्यांनी विचारलं नाही, कुठं होतं. का, हेही नाही.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं.

"मराठीत सांग."

"शूडच्या जागी शॅल वाचावे."

"एवढंच?"

"एवढंच."

ते डोळे मिटून बसले, पूर्वीसारखे. या वेळी त्यांना कुठली भिंत दिसत होती ते मला सांगायची गरज नव्हती. मग उठले. "जेवून घे," म्हणाले आणि खुंटीवरचा टॉवेल घेऊन हात धुवायला गेले.

आठवड्यानं भरत त्याचं सामान न्यायला आला. टेस्टर, पक्कड, दोन शर्ट. वही त्यानं टेबलावरच ठेवली.

"वही राहिली," मी म्हणाले.

"ती तुमचीच आहे, विमलताई." तो पिशवीची गाठ मारत होता. "आणि त्या दिवशी तुम्ही खोटं बोलला नाहीत. पुस्तकात शूडच होतं."

मी वही जवळ ओढली.

"पण टिपांमध्ये तुम्ही नुसतं पुस्तकात काय आहे ते कधीच लिहिलं नव्हतं," तो म्हणाला. "भिंतीत काय करायचं ते लिहायचात. मी त्यावरच शिकलो." आणि चपला घालून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तो एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला. आण्णा घरीच. ते माझ्याशी बोलायचे. पाणी दे, ऊन फार आहे, आईला बरं नाही का. पण वाचायला काही सांगेनात. पुस्तक टेबलावरून हललं आणि माळ्यावर गेलं. संध्याकाळी साडेसहा झाले की आण्णा स्वच्छ शर्ट घालायचे, कापडी पिशवी घ्यायचे आणि बाहेर पडायचे. आठ वाजता परत.

"बस्तीत जात असतील," आई म्हणायची. "मन रमत न्हाई त्यांचं."

पण आमची जैन बस्ती, म्हणजे देऊळ, उजव्या हाताला होती आणि आण्णा डावीकडं वळायचे.

दोन महिने मी ते बघितलं. मग एका संध्याकाळी दळणाचा डबा उचलला आणि त्यांच्यामागून निघाले. गिरणी त्याच रस्त्यावर होती, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला कारण होतं. आण्णा पेठेतून गेले, घाण्याच्या मागच्या बोळात शिरले. भरतच्या खोलीचं दार उकाड्यामुळं सताड उघडं होतं. मी समोरच्या घराच्या आडोशाला थांबले.

आण्णा सतरंजीवर मांडी घालून बसले होते. पुढं लहान मुलांची चार रेघांची वही. हातात पेन्सिल, पण कानावर ठेवायला घेतात तशी नाही. चिमटीत, घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. भरत शेजारी वाकून बघत होता.

"पोट उजवीकडं, आण्णा. हा बी. पोट डावीकडं गेलं की डी होतो."

"लई खोडील हाय की रे ही इंग्रजी!" आण्णा म्हणाले आणि हसले. खळखळून. तसं हसू आमच्या घरात कित्येक महिन्यांत ऐकू आलं नव्हतं.

"पुन्हा काढा. घाई नाही."

"घाई हाय बाबा. लायसन परत मिळतंय दिवाळीत. त्याच्या आत मला माझं मी वाचाय आलं पाहिजे."

मला कळलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखत असताना, रोज अर्धं गाव ओलांडून का येत होता ते मला तिथंच कळलं. त्यांना आता कुणाला विचारायचं नव्हतं.

लाज वाटली. पण ती नंतर. गिरणीच्या रांगेत, मग घरी, मग पुढं वर्षानुवर्षं. आण्णा गेले त्यालाही आता वीस वर्षं झाली आणि ती अजून पुरते आहे. त्या बोळात मात्र, डबा कमरेवर घेऊन उभी असताना, भरतनं आण्णांच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून पुढचं अक्षर ओढलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते वेगळंच होतं.

अक्षरं तरी माझ्याकडनं शिकायची की, आण्णा.